मंडळी कोणती?

शमुवेल आढाव पहाटे गेले आणि भिसेगावच्या कौलांवर ऊन चढायच्या आत पाळकसाहेब दारात येऊन उभे राहिले. एस्तेरला वाटलं, सांत्वनाला आले असतील. तिने ओटीवर खुर्ची मांडली, पदराने पुसली आणि स्वतः उंबऱ्याशी बसली. आत बाबांना नुकतंच पांढऱ्या चादरीवर ठेवलं होतं. स्टेशनजवळच्या सुताराकडे पेटी सांगून झाली होती.

वाघचौरे पाळक खुर्चीत बसले. त्यांच्याबरोबर चर्चचे एक पंच, जयवंता, आले होते. ते मात्र पायरीशीच घुटमळत राहिले. चपला काढाव्यात की नाही, हे त्यांचं ठरेना. पाळकांनी डोळे मिटून छोटीशी प्रार्थना केली, आमेन म्हटलं, मग ओटीवर गुंडाळून ठेवलेल्या चटयांकडे एक नजर टाकली आणि घसा साफ केला.

"बाई, वेळ वाईट आहे. पण विचारल्याशिवाय गत्यंतर नाही. यांची मंडळी कोणती, ते आधी ठरायला हवं."

शेजारच्या गौराबाई पहाटेपासून इथेच होत्या. कळशी खाली ठेवता ठेवता त्या थांबल्या.

"आता गं बया! कोनती म्हंजे? एकच तर मंडळी व्हती, सालूबाई. तुमीच नाय का पुरलीत तिला, तीन वर्सं झाली? मिस्त्री काय दोन मंडळ्या ठेवनारा मानूस व्हता?"

जयवंतांनी पटकन तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते.

"ती मंडळी नव्हे हो, गौराबाई," पाळक म्हणाले. "मंडळी म्हणजे आमचं चर्च."

"मंग चर्च म्हना की सरळ. मेलेल्या मानसाची बायको काय इचारता?"

एस्तेरच्या घशात हसू आलं. बाबा गेल्यापासूनचं पहिलं. ते ओठांपर्यंत पोचायच्या आतच तिला पाळकांचा प्रश्न नीट उमगला आणि हसू तिथेच विरलं. बाबांचा बाप्तिस्मा याच चर्चमध्ये झाला, लग्नही इथलंच. आईला याच चर्चच्या कबरस्तानात ठेवलं. असं असताना हा माणूस विचारतो, मंडळी कोणती?

विचारायचं कारण तिला ठाऊक होतं. साऱ्या कर्जतला ठाऊक होतं.

शमुवेल आढाव रेल्वेच्या शेडमध्ये मिस्त्री होते. घाट चढायला गाडीला मागून जी इंजिनं जोडतात, त्यांच्या दुरुस्तीत त्यांचा जन्म गेला. तिकडे रसायनीला कारखाने उभे राहिले तशी मोहोपाड्याच्या वसाहतींत कुठकुठची ख्रिस्ती माणसं येऊन राहिली. केरळचा वर्की आला, वसईचा इनास आला, देशावरचे कितीतरी आले. एका ईस्टरला हा वर्की चर्चच्या दाराबाहेर ऊन खात उभा होता. आत प्रभुभोजन चाललं होतं, येशूच्या स्मरणार्थ पाव मोडून वाटत होते, आणि त्याच्या गावच्या चर्चचं सभासदत्वाचं पत्र त्याच्यापाशी नसल्याने त्याला मेजाशी येऊ दिलं नव्हतं. बाबा त्याला घरी घेऊन आले. घरात पाव नव्हता. तांदळाची भाकरी होती. बाबांनी प्रार्थना केली, भाकरी मोडली, अर्धी वर्कीला दिली आणि अर्धी आपण आणि आईने खाल्ली.

पुढे दर रविवारी संध्याकाळी ओटीवर चटया पडू लागल्या. कोणी लहानपणी डोक्यावर पाणी शिंपडून घेतलेले, त्यांना सगळे थट्टेने शिंपडे म्हणत. भिवाजीसारखे उल्हास नदीत गळ्याइतकं उतरून बाप्तिस्मा घेतलेले, ते बुडवे. इनास रोमन कॅथलिक. प्रभूची प्रार्थना म्हणताना इनास एका ठिकाणी थांबे आणि बाकीचे पुढे आणखी एक ओळ म्हणत. पहिल्या दिवशी तो ओशाळला, तेव्हा बाबा म्हणाले, "इनास, तू लवकर पोचलास. आम्ही येतो मागून."

कुणी नियमांचं काढलं की बाबा म्हणायचे, "घाटात मागून ढकलणारं इंजिन कुठल्या शेडचं, हे गाडीतला माणूस विचारतो का रे?"

गाडीतल्यांनी नाही विचारलं. पाळकांनी विचारलं. आधी समज दिली, मग ताकीद, मग पंचांची बैठक बसली आणि ठराव झाला की ओटी बंद होईस्तोवर शमुवेल आढावांना प्रभुभोजन नाही. बाबांनी ओटी बंद केली नाही आणि चर्चलाही जायचं सोडलं नाही. एका नाताळात एस्तेर नगरहून आली होती, तेव्हा तिने स्वतः पाहिलं. प्रभुभोजनातल्या पावाचं ताट ओळीने फिरत बाबांपाशी आलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, एखादं तान्हं मूल घ्यावं तसं, आणि आपण काही न उचलता शेजारच्याच्या हातात दिलं.

एस्तेर नगरला मुलींच्या शाळेत इतिहास शिकवत होती. त्या पावाच्या अर्थावरून युरोपात माणसं जाळली गेली, हे तिने पुष्कळ वाचलं होतं. बाबांपाशी येऊन ताट असं तसंच पुढे जाईल, हे मात्र वाचण्यातलं नव्हतं. चारचौघांत बोलायचा तिचा स्वभाव नव्हता.

"सहा मंडळ्या मिळून एकच चर्च झालं ना नागपुरात?" ती आता म्हणाली. "दोन वर्षं झाली. बाबांनी शेडमध्ये पेढे वाटले होते."

"ते वरचं, बाई. इथे खाली नियम आहे तो आहे." पाळक पुढे झुकले. त्यांचा आवाज मऊ झाला, आजाऱ्याशी बोलावं तसा. "मला काय आनंद आहे का? शमुवेलराव भला माणूस. पण उद्या जो तो आपापल्या ओटीवर भाकरी मोडायला लागला, तर चर्चला कुलूप लावायचं का? आणि तीसुद्धा तांदळाची भाकरी! प्रभूच्या मेजावर! पण मी मार्ग काढलाय. तुम्ही मुलगी आहात. शेवटी त्यांना पश्चात्ताप झाला, ओटीवरचं चुकलं असं ते म्हणाले, एवढं दुपारी पंचांसमोर म्हणा. एकच वाक्य. सालोमीबाईंच्या शेजारची जागा त्यांचीच आहे. मी स्वतः झगा घालून उपासना घेईन."

"आणि पश्चात्ताप झाला नसेल तर?"

"झाला की नाही, हे मी विचारतच नाहीये, बाई. म्हणा, एवढंच म्हणतोय."

हे त्यांनी इतक्या सहजपणे म्हटलं, की क्षणभर एस्तेरला आपणच काही चुकीचं ऐकलं असं वाटलं. जयवंता पायरीवरची माती अंगठ्याने उकरत होते.

"दुपारी सांगते," ती म्हणाली.

पाळक समाधानाने उठले. जाता जाता त्यांनी गौराबाईंना नमस्कारही केला.

"काय म्हन्ला गं त्यो?" ते वळणापलीकडे गेल्यावर गौराबाईंनी विचारलं.

एस्तेरने सांगितलं.

"मंग बोल की! एक खोटं बोललीस तं काय जीब झडतीय तुजी? मी बोल्ले असते. धाकट्या दिराच्या लग्नात दहा बोल्ले." मग त्यांनी कळशी उचलून कडेला ठेवली. "पन मिस्त्री नसता बोल्ला," त्या म्हणाल्या. "हे बग, आमचं वरकस हाय ना टेकाडाजवळ? थितं भात पिकत नाय. मानूस तरी झोपंल. नायच झालं तं थितं नेऊ त्यांना."

एस्तेर आत जाऊन बाबांपाशी बसली. गेल्या आठवड्यात एका दुपारी त्यांनी तिच्याकडे एकच मागणं मागितलं होतं. सालूच्या डाव्या बाजूला ठेव, म्हणाले. तिचा उजवा कान बहिरा होता, त्या बाजूने बोललेलं तिला कळायचं नाही. विनोद करतात असं तिला वाटलं. तोंडाकडे पाहिलं तर ते विनोद करत नव्हते.

आणि त्यासाठी एकच वाक्य बोलायचं होतं. ऐकणाऱ्यांतल्या एकाचाही त्यावर विश्वास बसला नसता, पाळकांचाही नाही. नुकसान कोणाचं होणार होतं? बाबा तर आता ऐकणार नव्हते. अशाच एका वाक्यावर सही करून घरी गेलेली माणसं इतिहासात पुष्कळ होती आणि वर्गात मुली त्यांना भ्याड म्हणाल्या की एस्तेर त्यांना थोपवायची: घरी कोण वाट पाहत होतं, ते आधी विचारा, म्हणायची. आता घरी कोण वाट पाहत होतं, हे तिला नीट ठाऊक होतं. आई वाट पाहत होती. डावा कान इकडे करून.

अंगणात टेंपो थांबला. मोहोपाड्याची माणसं आली होती. कोणी पाळीवरून तशीच, कपड्यांना कारखान्याचा वास घेऊन. वर्की आत येऊन बाबांच्या पायांशी बसला आणि हुंदके देऊ लागला. इनास येताना त्याच्या फादरना भेटून आला होता.

"फादरना विचारलं गं बाय, आमच्या बाजूला जागा देता का. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माणूस देवाचा होता म्हणाले. पण आमच्या जमिनीत नाही बसत, म्हणाले."

म्हणजे तिकडेही तेच. रडायचं आणि नाही म्हणायचं.

पेटी आली. बाबांना पेटीत ठेवून पेटी अंगणात आणली. एस्तेर फुलं आणायला मागच्या दारी गेली, तेवढ्यात अंगणात आवाज चढले. इनासने पेटीच्या उशाशी मेणबत्ती लावली होती आणि भिवाजीने ती फुंकली होती.

"मेलेल्यांसाठी बत्त्या लावायच्या कुठं लिवलंय रं? दाखव मला!"

"तुला काय दाखवू? वाचता येतं का तुला?"

"मिस्त्री शिंपड्याच राह्यले, तरी मी काय बोल्लो का कदी? पन बत्ती नाय चालायची."

"तूच बुड परत जाऊन नदीत. आणि वर येऊ नको!"

वर्की दोघांच्या मधे उभा राहून मल्याळममध्ये काहीतरी ओरडत होता आणि त्याच्या हातात उदाचं भांडं होतं. त्यावरून दोघेही त्याच्यावर घसरले.

एस्तेर फुलं घेऊन पुढच्या दाराशी आली. ती ओरडली नाही.

"पेटीत बाबा आहेत," ती म्हणाली. "त्यांना ऐकू जात नाही, म्हणून काय झालं?"

वर्कीने उदाचं भांडं खाली ठेवलं.

"तुम्हीपण तेच करणार असाल तर आत्ताच सांगा. मग वाघचौऱ्यांचं काय चुकलं? निदान त्यांच्याकडे जागा तरी आहे."

भिवाजीने खिशातून काडेपेटी काढली. इनासकडे न बघता त्याने मेणबत्ती पेटवली आणि वारा लागू नये म्हणून हाताचा आडोसा धरून तिथेच बसून राहिला. पेटी उचलली तेव्हाच तो उठला.

कबरस्तान रुळांपलीकडे, चिंचेच्या झाडांत होतं. फाटकाशी पाळक उभे होते, पांढरा झगा घालून, हातात पुस्तक घेऊन. त्यांच्या मागे तिन्ही पंच. फाटकाला कुलूप होतं आणि किल्ली जयवंतांच्या हातात होती. इनास आणि वर्कीने खांद्यावर कुदळी आणल्या होत्या, कारण खणणाऱ्याला पाळकांनी थांबवून ठेवलं होतं. पेटी फाटकासमोर मातीत टेकवली. भर दुपार होती. गौराबाई आपल्या डोक्यावरचा पदर सोडून पेटीवर सावली धरायला लागल्या, पेटीत कोणाला ऊन लागणार आहे असा विचारही न करता.

"बोला, बाई," पाळक म्हणाले. "पंच ऐकताहेत."

"माझ्या वडिलांना पश्चात्ताप झाला नाही," एस्तेर म्हणाली.

पाळकांचं बोट पुस्तकाच्या पानात तसंच राहिलं.

"गेल्या रविवारी त्यांचा हात इतका थरथरत होता की भाकरी मोडवेना. त्यांनी ती वर्कींना मोडायला लावली. तुकडा तोंडात ठेवला आणि म्हणाले, बरं वाटलं. त्यानंतर ते फारसं बोलले नाहीत. हे मी पाहिलंय. दुसरं काही पाहिलेलं नाही, म्हणून दुसरं काही सांगणार नाही."

"बाई, मी तुमच्यासाठी—" पाळकांनी सुस्कारा टाकला. "मग मला फाटक उघडता येत नाही. नियम काही माझा नाही."

"ठीक आहे. मग माझी आई मला परत द्या."

"काय?"

वर्गात गोंगाट वाढला की एस्तेर आवाज खाली आणत असे, म्हणजे मुली ऐकायला गप्प होत. आताही तिचा आवाज खालीच आला.

"ती भाकरी कोण थापायचं? बाबांना चूलसुद्धा पेटवता यायची नाही. होती तोवर दर रविवारी आई थापायची. सगळ्यांना पुरावी म्हणून मोठी थापायची. आणि तिथेच बसून खायची. मोडणारा बाहेर, तर थापणारी आत कशी? तुम्ही तिला पुरलंत, तिच्यावर फार चांगलं बोललात, मी होते इथे. ते चुकून झालं. आता चूक दुरुस्त करा. कुदळी आमच्यापाशी आहेत. तिला काढून द्या, मी दोघांना गौराबाईंच्या वरकसात घेऊन जाते. तिथे नियम नाही. तिथे भातसुद्धा होत नाही."

"भलतंच काय बोलता! मातीत गेलेल्या माणसाला आता नियम—"

"लागत नाही? मातीत गेलेल्याला लागत नाही?" तिने पेटीवर हात ठेवला. "मग हे कुठे चाललेत?"

पाळकांनी पंचांकडे पाहिलं. पंचांपैकी दोघे चिंचेकडे बघत होते. ऊन मी म्हणत होतं. रुळांवरून मालगाडी गेली. ती जाईस्तोवर कोणालाच बोलावं लागलं नाही, याचं सगळ्यांना बरं वाटलं असावं.

गाडी गेली तेव्हा जयवंता बोलले.

"साहेब, मीबी खाल्लीय."

"काय खाल्लीय?"

"सालूबाईची भाकरी. रातपाळीला चाललो व्हतो. ओटीवरनं हाक मारली तिनं, जयवंता, ये रं, बस जरा. भूक लागली व्हती म्हनून खाल्ली, असं मी सवताला सांगितलं." त्यांनी किल्ली या हातातून त्या हातात घेतली. "पन डोळे मिटून खाल्ली, साहेब. भुकेला मानूस डोळे मिटून नाय खात."

"जयवंता, तुम्ही पंच आहात. ठरावावर तुमचा अंगठा आहे."

"हाय की. तोच सलतोय."

"आणि किती जणांनी?" पाळक एकदम ओरडले. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला होता. "आणखी किती जणांनी खाल्लीय, ते तरी कळू दे मला!"

बाकीच्या दोन पंचांपैकी एकाने पुढे होऊन पेटीची एक बाजू उचलली आणि तेवढं पुरेसं होतं. जयवंतांनी कुलूप काढलं.

"रविवारी पंचांसमोर उभं राहावं लागेल तुम्हाला," पाळक म्हणाले. "तुमचंही प्रभुभोजन बंद होईल. मला सोडता यायचं नाही."

"ऱ्हाईन उभा. तुमी बंद करा," जयवंता म्हणाले आणि फाटक उघडून बाजूला झाले.

खणायला वेळ लागला. माती कडक होती. इनास, वर्की, भिवाजी आळीपाळीने उतरले आणि एकमेकांच्या अंगावर माती उडाली तरी कोणी कोणाला बोललं नाही. आईच्या डाव्या बाजूला, असं एस्तेरने दोनदा सांगितलं. का, ते सांगितलं नाही. प्रार्थनेची वेळ आली तेव्हा कोणी म्हणायची, हे ठरलेलं नव्हतं. वर्की मल्याळममध्ये सुरू झाला. इनासने छातीवर क्रूस काढला आणि आपलं पुटपुटू लागला. भिवाजीने गाणं धरलं, ते नेहमीसारखं बेसूर. कोणाचंच दुसऱ्याबरोबर संपलं नाही. एकाचं संपे, तो दुसऱ्याचं संपायची वाट बघत उभा राही.

पाळक फाटकाबाहेर चिंचेखाली उभे होते. झगा काढून त्यांनी हातावर घेतला होता. ते गेले नव्हते आणि आतही आले नव्हते. माती टाकायची वेळ आली तेव्हा एस्तेरने एकदा तिकडे पाहिलं. बाबांनी त्यांना हाक मारली असती. बाबांनी त्यांच्या हातात मूठभर माती दिली असती आणि काहीतरी थट्टा केली असती, हे तिला पक्कं माहीत होतं. एवढं माहीत असूनही तिने हाक मारली नाही. तिचा राग अजून तिच्यापाशी होता आणि तो चांगला आहे की वाईट, हे ठरवायची घाई तिला नव्हती.

सगळे बाहेर निघाले. पाळक तिच्याजवळ आले.

"झालं ते झालं," ते हळूच म्हणाले. "तुमच्याबद्दल माझ्या मनात काही नाही, बाई. तुम्ही शिकलेल्या आहात, समजून घ्याल. आज संध्याकाळच्याच गाडीने निघता ना नगरला?"

तिची रजा शनिवारी संपत होती. मुलींची वार्षिक परीक्षा तोंडावर होती आणि मुख्याध्यापिका रजेच्या बाबतीत अजिबात मऊ नव्हत्या. एस्तेरने हातांची माती झाडली. नखांत गेलेली निघाली नाही.

"जयवंतांना रविवारी कितीला उभं करणार आहात?" तिने विचारलं.

"उपासनेनंतर. का?"

"मी त्यांच्या शेजारी उभी राहणार आहे," ती म्हणाली आणि पुढे गेलेल्या माणसांना गाठायला चालू लागली.